लोणारच्या कांठावरील एक उदाहरण

[नभोवाणीवरून झालेलें भाषण]



गतिशास्त्र हें नांव ऐकतांच कांहीं श्रोत्यांचा हात रेडिओची कळ फिरविण्यासाठीं पुढें झाला असेल. तो क्षणभर आवरावा, अशी माझी विनंती आहे. मी आज सूत्रें पाठ करून दाखविणार नाहीं. मी एका दगडाची हकीकत सांगणार आहें. तो दगड बुलढाणा जिल्ह्यांत पडला. केव्हां पडला ह्याविषयीं विद्वानांचें अजून एकमत नाहीं, आणि ज्या खड्ड्यांत तो पडला त्या खड्ड्यांत तो सांपडत नाहीं. असें असूनहि तो केवढा असावा, हें कॉलेजच्या पहिल्या वर्षांतील विद्यार्थ्याला वहीच्या चार पानांत काढतां येतें. तें कसें काढावें, आणि त्या निमित्तानें गतिशास्त्रांतील उदाहरणें सोडवावीं कशीं, एवढाच आजचा विषय आहे.

ही हकीकत सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची आहे. आमचें गांव मेहकरपासून जवळ. मी कॉलेजांत पदार्थविज्ञान घेतलें होतें आणि पहिल्या सहामाहींत गतिशास्त्राच्या पत्रिकेंत सपशेल आपटलों होतों. विशेष दुःख ह्याचें कीं मला सर्व सूत्रें येत होतीं. रात्रीं झोपेंतून उठवून विचारलें असतें तरी मीं तीं म्हणून दाखविलीं असतीं. परंतु पत्रिकेंत सूत्रें विचारलेलीं नव्हतीं. गाडी, उतार, दोरी, चेंडू असें कांहीं तरी विचारलें होतें. आणि कोणत्या दोरीला कोणतें सूत्र बांधावें हें मला उमगेना. दिवाळीच्या सुटींत घरीं आलों तो हा विषय सोडून द्यावा असें मनांत ठरवूनच.

वडील प्राथमिक शाळेंत शिक्षक होते. त्यांनीं मार्क विचारले नाहींत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं म्हणाले, "चल, लोणारास जाऊन येऊं. वही बरोबर घे."

लोणारचें सरोवर आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. काळ्या पाषाणाच्या सपाट माळांत अकस्मात् एक गोल खोलगट भाग लागतो. कांठापासून कांठापर्यंत त्याचा व्यास सुमारें १,८३० मीटर आणि कांठापासून खोली सुमारें १५० मीटर आहे. तळाशीं खारें पाणी आहे, उतारावर झाडी आहे. लवणासुर नांवाचा दैत्य येथें राहात होता आणि विष्णूनें त्याचा वध केला, अशी कथा आहे; गांवांतील दैत्यसूदनाचें सुंदर मंदिर त्याच कथेचें स्मरण देतें. इ. स. १८२३ मध्यें अलेक्झांडर ह्या इंग्रज अधिकाऱ्यानें ह्या स्थळाची नोंद केल्यापासून हें विवर झालें कसें, हा वाद चालू होता. हें ज्वालामुखीचें मुख असावें असें पुष्कळ काळ मानीत. परंतु दख्खनचा काळा पाषाण ज्या लाव्ह्यापासून झाला तो वाहिला सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं, आणि विवर तर त्यामानानें अगदीं ताजें दिसतें. अखेर तळाशीं विंधनें घेऊन वर काढलेल्या दगडांत, प्रचंड आघातावांचून जी उत्पन्न होत नाहीं अशी कांच सांपडली. आणि १९७३ सालीं फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् ह्या संशोधकांनीं हें अशनिपाताचें विवर असल्याचें सिद्ध केलें. त्याचें वय एका पद्धतीनें सुमारें ५२,००० वर्षें येतें आणि दुसरीनें सुमारें ५,७०,००० वर्षें.

आम्ही कांठावर बसलों. वडील म्हणाले, "केवढा दगड पडला असेल रे?"

मी म्हणालों, "बाबा, ह्यासाठीं सूत्र दिलेलें नाहीं."

"सूत्र मीं मागितलेंच नाहीं. दगड मागितला. आधीं चित्र काढ."

श्रोतेहो, उदाहरण सोडविण्याची पहिली पायरी हीच आहे. विद्यार्थी उदाहरण वाचतो आणि त्याचें मन लागलीच सूत्रांची थैली चाचपूं लागतें. तसें न करतां प्रथम चित्र काढावें. काय दिलें आहे आणि काय हवें आहे तें चित्रावर लिहावें. वर जाणारी दिशा धन मानावयाची कीं ऋण, हें ठरवावें. चित्र निघत नसेल तर उदाहरण समजलेलें नाहीं, हें निश्चित समजावें.

वडिलांनीं मग एक लहानसा खडा उचलला. "हा येथून सरळ तळापर्यंत पडला असता तर वेग किती?" हें मला येत होतें. उंची १५० मीटर, गुरुत्वाचें त्वरण ९.८, वेगाचा वर्ग २ गुणिले ९.८ गुणिले १५०, म्हणजे २,९४०. वेग सेकंदाला सुमारें ५४ मीटर, आणि काळ साडेपांच सेकंद. "आणि उतारावरून घसरत गेला तर?" मी म्हणालों, "घर्षण नसेल तर वेग तोच. उंची तेवढीच असल्यामुळें ऊर्जा तेवढीच मिळते." त्यांनीं खडा उतारावर सोडला. तो वीस-पंचवीस पावलें घरंगळला आणि झुडुपांत अडकून बसला. "तुझे चोपन्न मीटर कोठें गेले?" त्यांनीं विचारलें.

मी हंसलों, पण प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ऊर्जा नाहींशी झाली नव्हती. ती मातीच्या घर्षणांत, पाचोळा चुरण्यांत, किंचित् उष्णतेंत गेली होती. माझ्या उत्तरांतील "घर्षण नसेल तर" हे तीन शब्द मी पाठांतरांतून उच्चारीत होतों. ते म्हणजे त्या उत्तराची हद्द आहे, हें मला त्या झुडुपानें शिकविलें. प्रत्येक उत्तराला अशी हद्द असते, आणि ती उत्तराच्या शेजारीं लिहावी.

मग खरें उदाहरण आलें. आकाशांतून येणाऱ्या दगडाचा वेग किती? मीं तेंच सूत्र पुन्हां लाविलें आणि फसलों. दगड अतिशय दुरून आला, म्हणजे उंची अमर्याद. म्हणून वेगहि अमर्याद! वडिलांनीं तें उत्तर खोडरबरानें पुसूं दिलें नाहीं. त्यावर एकच रेघ ओढावयास लाविली आणि बाजूला लिहावयास सांगितलें : हें चूक कां?

चूक ही कीं ९.८ हा आंकडा पृथ्वीच्या पृष्ठभागाजवळचा आहे. पृथ्वीच्या मध्यापासून अंतर दुप्पट झालें कीं ओढ चौथाई होते, तिप्पट झालें कीं नवमांश. ह्या घटत जाणाऱ्या ओढीनें अनंतापासून पृष्ठभागापर्यंत केलेल्या कार्याची बेरीज, म्हणजे समाकलन, केलें तर एक सुरेख गोष्ट निघते. ती बेरीज अमर्याद नाहीं. पृष्ठभागावरील पूर्ण ओढीनें पृथ्वीच्या त्रिज्येएवढ्या उंचीवरून पडल्यास जें कार्य होईल, बरोबर तेवढीच ती येते. म्हणून सूत्र तेंच ठेवावें आणि उंचीच्या जागीं त्रिज्या, ६४,००,००० मीटर, घालावी. २ गुणिले ९.८ गुणिले ६४,००,००० म्हणजे १२,५४,४०,०००; आणि त्याचें वर्गमूळ नेमकें ११,२००. सेकंदाला ११.२ किलोमीटर! आमच्या खड्याच्या ५४ मीटरांच्या दोनशें पटींहून अधिक. आणि ऊर्जा वेगाच्या वर्गानें वाढते; म्हणजे वजनागणिक ऊर्जा सुमारें ४३,००० पट.

हा केवळ किमान वेग झाला. अशनि आणि पृथ्वी दोन्हीहि सूर्याभोंवतीं फिरत असतात, त्यामुळें प्रत्यक्ष वेग ११ पासून ७२ किलोमीटरपर्यंत असूं शकतो. सामान्यतः तो १८ ते २० असतो. आम्ही १८ धरला. ह्या वेगानें येणाऱ्या एका किलोग्रॅमची गतिज ऊर्जा १६.२ कोटि ज्यूल होते. एक किलोग्रॅम टीएनटी ह्या स्फोटक द्रव्यांत सुमारें ४२ लाख ज्यूल असतात. म्हणजे साधा दगड, केवळ वेगामुळें, आपल्या वजनाच्या ३८ पट स्फोटकाच्या तोडीचा होतो. त्याच्या पोटांत दारू असावी लागत नाहीं.

"पण वाटेंत हवा त्याला अडविणार नाहीं?" वडिलांनीं विचारलें. हाहि हिशेब सोपा आहे. जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर हवेचा जो स्तंभ उभा आहे त्याचें वजन सुमारें एक किलोग्रॅम. एक सेंटिमीटर व्यासाचा खडा दीड ग्रॅमचा. त्याच्या वाटेंत जवळजवळ ८०० ग्रॅम हवा येते, म्हणजे त्याच्या पांचशें पट. त्याचा आकाशांतील वेग हवेंतच संपतो. परंतु २५ मीटर व्यासाच्या दगडाच्या वाटेंत सुमारें पांच हजार टन हवा येते आणि दगड असतो पंचवीस हजार टनांचा. हवा त्याला थोडी खीळ घालील. थांबवूं शकणार नाहीं.

आतां विवराकडे वळूं. उथळ वाडग्याच्या आकाराचा खड्डा धरला तर घनफळ त्याच माप-खोलीच्या वर्तुळचितीच्या अर्धें, म्हणजे जवळजवळ २० कोटि घनमीटर येतें. काळ्या पाषाणाचा घनमीटर सुमारें २.८ टनांचा, म्हणजे ५६ कोटि टन दगड हालला. उडालेल्या दगडमातीचा थर कांठापलीकडे किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत आढळतो. आम्ही फेंक सरासरी दीड किलोमीटर धरली. पंचेचाळीस अंशांनीं फेंकलेल्या वस्तूच्या वेगाचा वर्ग, त्वरण गुणिले फेंक, म्हणजे १४,७०० येतो. वेग सेकंदाला १२१ मीटर. एका किलोग्रॅमला लागणारी ऊर्जा ७,३५० ज्यूल. तिला ५६ कोटि टनांनीं गुणिलें तर सुमारें ४१ लक्ष कोटि ज्यूलांचे शंभर पट येतात. एवढा मोठा आंकडा कानांना निरर्थक वाटतो, म्हणून दुसऱ्या मापानें सांगतों : दहा लाख टन टीएनटी. हिरोशिमावर १९४५ सालीं टाकलेल्या बाँबची शक्ति सुमारें १५,००० टनांची होती, हें ध्यानांत घेतलें म्हणजे कल्पना येईल.

ही ऊर्जा देणारा दगड केवढा? भागाकार केला, उत्तर आलें २५,००० टन. अशनीचा घनमीटर तीन टनांचा धरल्यास व्यास २५ मीटर. म्हणजे एखाद्या मोठ्या वाड्याएवढा दगड, आणि त्यानें पाडलेलें विवर त्याच्या सत्तर पटींहून रुंद!

मला फार आनंद झाला. पण वडील म्हणाले, "आतां हद्द लिही." सर्वच दगड दीड किलोमीटर उडाले नाहींत, पुष्कळ कांठावरच पडले, कांहीं खालीं दाबले गेले. तेवढ्यापुरती ऊर्जा आम्हीं जास्त धरली होती. उलट, मूळचा खड्डा आजच्यापेक्षां खोल होता. तळ चुऱ्यानें आणि गाळानें भरून आला आहे. शिवाय खडक चुरणें, तापणें, वितळणें ह्यांत जी प्रचंड ऊर्जा गेली ती आम्हीं मुळींच धरली नव्हती. समजा, उडविण्यांत एकंदर ऊर्जेचा दहावाच भाग खर्चिला गेला. मग दगड दहा पट, म्हणजे अडीच लाख टनांचा पाहिजे. परंतु गंमत ही कीं व्यास दहा पट होत नाहीं. घनफळ व्यासाच्या घनानें वाढतें, आणि दहाचें घनमूळ सुमारें २.१५, म्हणजे व्यास ५४ मीटर. ऊर्जेच्या अंदाजांत दहा पटींची चूक झाली तरी व्यासांत जेमतेम दुप्पट फरक पडतो. संशोधकांचे अंदाजहि पन्नास-साठ मीटरांच्या आसपासचे आहेत, हें मला पुष्कळ वर्षांनीं वाचावयास मिळालें.

हेंच गणित वेळेवर न केल्यामुळें मोठमोठीं माणसें फसलेलीं आहेत. अमेरिकेंत ॲरिझोना प्रांतांत लोणारसारखेंच एक विवर आहे. गिल्बर्ट नांवाच्या थोर भूशास्त्रज्ञानें तें १८९१ मध्यें तपासलें. एवढा खड्डा पाडणारा लोखंडी गोळा प्रचंड असला पाहिजे आणि तो खालीं पुरलेला असला पाहिजे, असें त्यानें धरलें. तसें असेल तर लोहचुंबकाची सुई हालावी, आणि कांठावरील दगडमाती खड्ड्याच्या मापापेक्षां अधिक भरावी. दोन्ही गोष्टी घडल्या नाहींत. म्हणून विवर वाफेच्या स्फोटानें झालें असा त्यानें निर्णय दिला. १८९६ सालच्या आपल्या निबंधांत त्यानें आपल्या लोणारचाहि तुलनेसाठीं उल्लेख केला. मापें अचूक होतीं. परंतु खड्डा मोठा म्हणून गोळाहि मोठा, ही समजूत चुकीची होती. त्यानंतर बॅरिंजर नांवाच्या खाणमालकानें, विवर अशनीचेंच असें बरोबर ओळखून, १९०३ पासून त्या लोखंडासाठीं खोदकाम चालविलें. कोट्यवधि टन लोखंड हातीं येईल अशी त्याची अपेक्षा होती. सव्वीस वर्षें गेलीं, संपत्ति गेली. १९२९ सालीं मोल्टन ह्या ज्योतिर्गणितज्ञानें हिशेब करून दाखविलें कीं अशनि फार तर तीन लाख टनांचा असावा, आणि तोहि आघातांत बहुतेक वाफ होऊन गेला असावा. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत बॅरिंजर मरण पावला. एकाची शंका आणि दुसऱ्याची आशा, दोहोंच्या मुळाशीं एकच गोष्ट होती : दोघांनीं दगडाचा आकार मनांत आणला, ऊर्जा मनांत आणली नाहीं.

दगड सांपडत कां नाहीं, ह्याचें उत्तर त्याच दिवशीं आमच्या वहींत निघालें. वडिलांनीं विचारलें, "एवढा आघात झाला, तर पृथ्वी हालली असेल ना?" येथें ऊर्जा सोडून संवेग घ्यावा लागतो. अडीच लाख टन गुणिले सेकंदाला १८ किलोमीटर, हा संवेग पृथ्वीच्या वस्तुमानांत वांटला तर पृथ्वीच्या वेगांत पडलेला फरक इतका क्षुद्र येतो कीं त्या वेगानें वर्षभर चाललें तरी मिलिमीटरचा चाळिसावा भागहि पुरा होत नाहीं. म्हणजे संवेग सगळा पृथ्वीनें घेतला, पण त्यांतून तिला गति म्हणून जवळजवळ कांहींच मिळालें नाहीं. मग ऊर्जा कोठें गेली? पृथ्वीच्या गतींत गेली नाहीं, म्हणून सर्वच्या सर्व चुरण्यांत, उडविण्यांत, वितळविण्यांत गेली. पाषाण तापवून वितळविण्यास किलोग्रॅममागें वीस लाख ज्यूलांहून कमीच पुरतात, आणि अशनीजवळ होते सोळा कोटि. तो स्वतः शाबूत राहणार कसा? विवर गोल कां, हेंहि ह्यावरूनच कळतें. दगड तिरपा आला असावा असें संशोधक म्हणतात. तरी खड्डा लांबट झाला नाहीं, कारण तो दगडानें उकरला नाहीं, एका जागीं मोकळ्या झालेल्या ऊर्जेनें स्फोटासारखा चहूंकडे उडविला.

संध्याकाळ झाली. आम्ही परत निघालों तेव्हां वहींत सात पानें भरलीं होतीं. त्यांतील तीन रेघ मारलेलीं. वडील म्हणाले, "ह्यांत तुला न येणारें एकहि सूत्र नव्हतें." हें खरें होतें, आणि तें ऐकून मला बरें वाटण्याऐवजीं लाज वाटली. सहामाहीभर मी ज्याला विषय कठीण म्हणत होतों, तें केवळ प्रश्नासमोर स्वस्थ बसण्याचें माझें भय होतें.

मीं विषय सोडला नाहीं. वार्षिक परीक्षेंत मी पहिला आलों असें सांगावयास आवडलें असतें, परंतु तसें झालें नाहीं. मी उत्तीर्ण झालों, इतकेंच. पुढें हाच विषय शिकविण्यांत माझें आयुष्य गेलें. माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींना मी अजूनहि सांगतों : आधीं चित्र काढा, मग येथें काय कायम राहतें, ऊर्जा कीं संवेग, हें विचारा, आंकडे घालण्यापूर्वीं उत्तर साधारण केवढें यावें हें मनाशीं ठरवा, आलेलें उत्तर कोठपर्यंत खरें, तें लिहा, आणि चुकलेलें पुसूं नका, त्यावर एक रेघ ओढा आणि तें कां चुकलें हें बाजूला लिहा.

ज्या घरांत आज कोणी मुलगा अगर मुलगी हा विषय घेऊन अडली असेल, तेथील वडीलधाऱ्यांस एकच विनंती करतों. त्यांस सूत्र येत नसलें तरी चालेल. माझ्या वडिलांना समाकलन येत नव्हतें. मुलाजवळ बसावें आणि विचारावें, "चित्र काढलेंस का? आणि हें चुकलें तें कां?" ह्या दोन प्रश्नांना पदार्थविज्ञानाची पदवी लागत नाहीं.

ती वही अजून माझ्याजवळ आहे. अमर्याद वेगाचें तें उत्तर आणि त्यावरील रेघ आजहि स्वच्छ दिसते.